चव्वेचाळीस पाय, अठरा भोकं

तलवाडा फाटा
११ फेब्रुवारी २०१६

चि. सुगत यास,
अक्काचा जय भीम.

फोन केला की तू म्हणतो, "अक्का, मीटिंगमधी हाय, मागून करतो." तुहं मागून अजून आलं न्हाई. म्हणून कागद लिहायला घेतला. कागदाला मीटिंग नसती.

सव्वीस जानेवारीला गावात तुहं पाण्याचं मशीन चालू झालं. पाणी संस्थेच्या हापिसापुढं मांडव, चेअरमन आबासाहेबांनी नारळ फोडला, तुला फेटा बांधला. मी बायांच्या घोळक्यात मागं उभी व्हते अन् ऊर नुसता भरून आलता, खोटं कावून बोलू? आबासाहेब म्हणले, आता पाण्यावरून कुणी कुणाच्या उरावर बसायचं न्हाई. मशीनला जात न्हाई, पार्टी न्हाई. नऊ वस्त्या, नऊ वॉल, पेटीवर नऊ दिवे. ज्या वस्तीचा दिवा लागंल तिला तीन दिसाला वीस मिनिटं पाणी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी लई जोरात वाजवल्या.

आज सोळा दिवस झाले. एक ते सात नंबरचे दिवे लागत्यात. आठ नंबर भीमनगर, म्हंजी आपली वस्ती. नऊ नंबर गायरानातली पारधी वस्ती. हे दोन दिवे एकदा सुदीक लागले न्हाईत. नळ उघडला तर हवाबी येत न्हाई.

शेजारची छबुबाई रोज सकाळी माह्या मोटार वायंडिंगच्या दुकानात येऊन उभी ऱ्हाती. नुसती रिकामी घागर खाली ठेवती. मी आपली मान खाली घालून पंख्याची कॉईल भरत बसते. मशीन तुहं, अन् समदे बघत्यात माह्याकडं. काय बिघाड हाय ते कळव. पाण्यातली मोटार असती तर मीच खोलली असती.

तुही अक्का
मनकर्णा


पुणे
१७ फेब्रुवारी २०१६

ती. अक्कास,
सप्रेम जय भीम.

पत्र मिळाले. मशीनमध्ये बिघाड अजिबात नाही, तू काळजी करू नकोस. एक तांत्रिक अडचण आहे, ती सोप्या भाषेत सांगतो.

पेटीच्या आत बोटभर लांबीचा एक बोर्ड आहे. त्यावर एक काळी चीप, तोच मशीनचा मेंदू. बोर्डाच्या दोन्ही कडांना बारीक भोके असतात, त्यांना आम्ही पिना म्हणतो. एका पिनेला एक वायर आणि एका वायरवर एकच काम. अशा कामाच्या पिना आहेत अठरा. त्यातल्या दोन मोबाइलच्या मोडेमला गेल्या, एक टाकीच्या पातळीला, एक पंपाला. उरल्या चौदा. प्रत्येक वॉलला दोन लागतात, एक उघडायला आणि एक बंद करायला. सात वॉलमध्ये चौदा संपल्या. आठ आणि नऊ नंबरसाठी पिनाच उरल्या नाहीत. यात कुणाचा काही हेतू नाही, हे साधे गणित आहे. ते दोन वॉल आपण दुसऱ्या टप्प्यात घेणार आहोत.

शिवाय वस्तीवर सध्या असते कोण? सगळी मंडळी ऊसतोडीला गेलेली. एप्रिलशिवाय कुणी परत येत नाही. तोवर पाणी सोडणारा राधाकिशन आहेच, त्याला सांगितले की तो चावीने सोडेल.

तब्येतीला जप. दाजी गेल्यापासून दुकानाचा सगळा भार तुझ्यावर आहे याची मला जाणीव आहे.

तुझा
सुगत


तलवाडा फाटा
२४ फेब्रुवारी २०१६

सुगत,

वस्तीवर असतं कोण, असं इचारतो? तुहा जन्म कुठं झाला बे? पुण्याला बसून तुला एवढंबी कळंना का, की औंदा ऊसच न्हाई तर तोडायचा काय? कारखान्याचं धुराडं जानेवारीतच थंड पडलं. फेब्रुवारीच्या पहिल्या हप्त्यात समदे कोयते माघारी आले. साठच्या साठ उंबरे भरलेत, लेकरं, बैलं, समदे. अन् तू मनातल्या मनात आमाला एप्रिलपस्तोर फडात ठिवलं!

राधाकिशनचं सांगतो मला. त्याची चावी काढून घेतली अन् हापिसातल्या भिंतीला टांगली, हार घालून. जुने चावीचे वॉल काढले, मोटारीचे बसवले, नऊच्या नऊ. आपल्या वस्तीचा बसवला तवा बंद व्हता, तसाच बंद हाय. आधी राधाकिशनच्या नावानं बोंब मारली की वैतागून का व्हईना धा मिनिटं सोडायचा. तुह्या मशीनच्या नावानं बोंब मारून नरडं बसलं माहं.

आता पुढचं ऐक. आमी पंधरा बाया टँकर मागायला तालुक्याच्या हापिसात गेलतो. तिथल्या साहेबानं उद्घाटनाचा फोटो काढून दावला. "बाई, तुमची वस्ती तर योजनेत हाय, हा बघा आठ नंबरचा दिवा. योजनेतल्या वस्तीला टँकर देता येत न्हाई." तुह्या दिव्यानं आमचा टँकरबी खाल्ला, सुगत. सोमवारी खदानीतल्या झिऱ्यावर उतरताना छबुबाईचा पाय घसरला. उजवं मनगट मोडलं. पंधरा दिस खाली ठिवलेली घागर तिथं फुटली.

मंग मी संस्थेत गेले. सेक्रेटरी आप्पारावला म्हणलं, पेटी खोल. तो म्हणला, बाई, तुमचं काम न्हवं. म्हणलं, बावीस वर्सं झाली, या गावातल्या निम्म्या मोटारी माह्या हातानं भरलेल्या हायेत, खोल. खोलली.

दोन गोष्टी बघितल्या. एक, आठ अन् नऊ नंबरच्या दिव्याच्या मागं वायरच न्हाई. नुसता दिवा चिटकवलाय, भावल्याच्या डोळ्यावाणी. पिना संपल्या म्हणतो, मंग दिवा कशाला लावला? कुणाला फसवायला?

दुसरं, मी घड्याळजीचं भिंग नेलतं. ती काळी चीप बघितली. चारी बाजूनं पाय हायेत, एका बाजूला अकरा. मी तीनदा मोजले. चव्वेचाळीस व्हत्यात. भोकं तुही अठरा. मला इंग्रजी येत न्हाई, पर कॉईलच्या तारंचे आटे मोजून मोजून माही बोटं झिजलीत, मला मोजता येतं. बाकीचे पाय कुठं गेले ते लिही. अन् समद्या गावातून आठ अन् नऊ हेच कुणी निवडले तेबी लिही.

मनकर्णा


पुणे
३ मार्च २०१६

ती. अक्कास,
सप्रेम जय भीम.

छबुमावशीचे वाचून फार वाईट वाटले. तिला माझा निरोप सांग.

तू पाय मोजलेस हे खरे आहे. पण सगळे पाय कामाचे नसतात. काही विजेचे, काही अर्थिंगचे, काही चीपच्या घड्याळाचे. तरीही मान्य करतो, पाच-सहा पाय चांगले कामाचे आहेत आणि रिकामे आहेत. चीपला ते आहेत, पण बोर्ड बनवणाऱ्याने ते भोकांपर्यंत आणलेलेच नाहीत. बोर्ड लहान करायचा म्हणून ठरावीक पायांनाच वाट दिली. बाकीचे आतल्या आत राहिले. अंगात ताकद असून उपयोग नाही, कारण त्यांच्यापर्यंत वायर पोचत नाही. मी मोठा बोर्ड घ्यायला हवा होता, पण पेटी कापून झाली होती आणि सव्वीस जानेवारीची तारीख ठरलेली होती.

दिव्यांचे म्हणशील तर पेटीवर नऊ नावे छापलेली, सातच दिवे विचित्र दिसले असते. दुसऱ्या टप्प्यात वायर जोडणारच होतो.

आणि मी काही निवडले नाही. संस्थेने मला वस्त्यांची यादी दिली. त्या यादीत जे आठ आणि नऊ होते तेच राहिले. हे तू आप्पारावांना विचार. पेटीला मात्र हात लावू नकोस, बोर्ड फार नाजूक असतो.

तुझा
सुगत


तलवाडा फाटा
९ मार्च २०१६

सुगत,

इचारलं आप्पारावला. त्यानं फाईल काढली. यादी पाइपलाइनच्या वळणानं लिहिलेली हाय, टाकीपासून खाली. एक नंबर गावठाण, दोन नंबर माळीवाडा, तीन नंबर भीमनगर. ऐकतोस का? तीन नंबर. टाकीपासून हाकेच्या अंतरावर. आठ नंबरला हाय आबासाहेबांची मळ्यातली वस्ती. नऊ नंबर पारधी वस्ती.

अन् तुह्या पेटीवर तीन नंबरला आबासाहेबांचा मळा, आठ नंबरला भीमनगर.

मी आप्पारावला म्हणलं, हे तुमी फिरवलं. तो लालबुंद झाला. त्यानं तुहा मेल कॉम्प्युटरवर काढून दावला. "सोयीसाठी तीन व आठ क्रमांकांची अदलाबदल केली आहे." खाली तुहं नाव, तुह्या कंपनीचं नाव. आबासाहेबाला बोलवलं. तो माणूस कसाबी असंल, पर त्याचं त्वांड बघून कळलं, त्याला ठावकी न्हवतं. म्हणला, "मला वाटलं मशीनचंच काही असंल."

अरं, आबासाहेबानं केलं असतं तर मी साठ बाया घिऊन त्याच्या दारात बसले असते. आप्पारावनं केलं असतं तर त्याची गचांडी धरली असती. आपल्याला तेवढं येतं, आपल्या आज्यापासून येतं. पर तू केलंस. आता मी कुणाच्या दारात बसू? आपलीच चौकट, आपलाच उंबरा. वस्तीतल्या बायांनी इचारलं, "कुणी केलं गं?" मला तुहं नाव तोंडातून काढता येईना. मी म्हणलं, मशीननं. पहिल्यांदा खोटं बोलले मी वस्तीत, अन् तेबी तुह्यापायी.

सोय कुणाची व्हती ते लिही. गोडगोड लिहू नको.

मनकर्णा


पुणे
१६ मार्च २०१६

अक्का,

खरे लिहितो.

पिना सातच वॉलना पुरतात हे मला डिसेंबरातच कळले. यादीप्रमाणे आठ आणि नऊ वगळायचे, तर आठ म्हणजे चेअरमनची वस्ती. ज्यांनी काम दिले त्यांनाच पाणी नाही, असे कसे करणार? त्यांच्या जागी कुणाला तरी आणायचे होते. माळीवाडा आणला असता तर माळीवाड्याने विचारले असते, "का रे, तुझ्या वस्तीचं पाणी चालू आणि आमचं बंद?" पहिल्या बैठकीतच मागून कुणीतरी म्हणाले होते, "आता बघा, भीमनगरला चोवीस तास धो धो." सगळे हसले. मीही हसलो, अक्का. त्या हसण्याची मला इतकी भीती बसली की वाटले, आपली वस्ती मागे ठेवली तर कुणी बोट दाखवू शकणार नाही.

आणि वाटले, आपली माणसे समजून घेतील. आपल्याकडे लग्नात घरची माणसे शेवटच्या पंगतीला बसतातच ना? पाहुण्यांचे आधी, घरच्यांचे नंतर. दोनतीन महिन्यांचा प्रश्न, असा विचार केला. चुकलो. मे महिन्यात सवड मिळाली की मोठा बोर्ड घेऊन येतो आणि स्वतः बसवतो. मला माफ कर.

सुगत


तलवाडा फाटा
२० मार्च २०१६

सुगत,

आज वीस मार्च. कोणता दिस हाय ते तुला सांगायची पाळी यावी? विहारात सकाळी वंदना झाली, चवदार तळ्याचं भाषण झालं. भाषण करणारा म्हणला, बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी उचललं. छबुबाई माह्या शेजारी, हात गळ्यात बांधलेला. मी खाली बघत व्हते. घरी जाऊन पाणी प्यायचं तर रांजणात तळाला गाळ.

पंगतीचं सांगतो मला? लाज वाटली न्हाई लिहिताना? शेवटच्या पंगतीला घरची माणसं बसत्यात, कबूल. पर कवा? घर आपलं असंल तवा, चूल आपली असंल तवा, अन् वाढणाऱ्यानं पातेल्यात मागचं राखून ठिवलं असंल तवा. तू काय राखलं आमच्यासाठी? मागं वायर नसलेला दिवा! आपल्या आज्याला या गावातल्या पंगतीत कुणी बसूच दिलं न्हाई, उकिरड्याच्या कडंला बसून त्यानं उष्टं खाल्लं. ते बंद केलं आपल्या बापानं. तू शिकला, टाय लावला, अन् आपल्याच हातानं आमाला परत तिथं नेऊन बसवलं. वरून म्हणतो, घरचे म्हणून. अन् त्या पारध्यांचं काय? ते कुणाच्या घरचे व्हते?

मे महिना! एप्रिल-मे कशाला म्हणत्यात ते विसरला तू. मेमधी येऊन कुणाच्या तोंडात पाणी घालणार हायेस?

मला माफी नको. दोन गोष्टी धाड.

एक, त्या रिकाम्या कामाच्या पायांचे नंबर. भोकापस्तोर आणले न्हाईत म्हणतो ना? मी पायापस्तोर जाते. पंख्याच्या कॉईलची तार माह्याकडं हाय, केसावाणी बारीक. वार्निश खरवडून थेट पायाला सोल्डर मारते. नाजूक म्हणू नको. जळक्या मोटारीच्या खाचेत बोट घालून तुटकी तार जोडणारी बाई हाय मी.

दुसरं, एक कागद. संस्थेच्या नावानं, सहीचा. "तीनाचं आठ मी केलं, संस्थेनं न्हाई, मशीननं न्हाई." तीस तारखेला बैठक हाय, तिथं वाचायचा. वस्तीत मी जे खोटं बोलले ते मला फेडायचं हाय.

मनकर्णा


पुणे
२४ मार्च २०१६

अक्का,

नंबर लिहितो, नीट बग. चीपच्या एका कोपऱ्यात बारीक ठिपका हाय. तिथून घड्याळाच्या उलट्या दिशेनं मोजायचं. बारावा, सव्वीसावा, बत्तीसावा अन् चाळीसावा. बारावा म्हंजी दुसऱ्या बाजूचा पहिलाच पाय. बारावा अन् सव्वीसावा भीमनगरला, बत्तीसावा अन् चाळीसावा पारधी वस्तीला. शेजारच्या पायाला सोल्डर लागू देऊ नको, मशीन बसंल. आधी लाइट बंद कर. चार रिले, म्हंजी वॉल चालू-बंद करायचे खटके, अन् वॉलच्या वायरा एसटीच्या पार्सलात टाकल्यात. नवा प्रोग्राम आप्पारावांच्या मेलवर धाडलाय, तो कसा चढवायचा ते त्यांच्या पोरीला फोनवर सांगतो.

तुहं पत्र वाचून तीन दिस जेवण गेलं न्हाई.

पर अक्का, त्यो कागद मागू नको. अजून चार गावच्या संस्थांशी बोलणं चालू हाय. असा सहीचा कागद बैठकीत वाचला तर मला कोण काम देईल? तू मोठी हायेस, तू समजून घे. एवढी एक बार झाक.

सुगत


तलवाडा फाटा
२ एप्रिल २०१६

सुगत,

रिले पोचले. नंबर बरोबर निघाले.

तीस तारखेला बैठकीच्या आधीच भर दुपारी संस्थेत जाऊन बसले. आबासाहेब खुर्ची ओढून समोर बसले. म्हणले, "बाई, मशीन बंद पडलं तर गावाला काय सांगू?" म्हणलं, "जे आमाला दोन महिने सांगितलं तेच सांगा." आप्पाराव भिंग धरून उभा, घाम त्याच्या नाकावरून बोर्डावर पडंल म्हणून मी त्याला पदर दिला पुसायला. बारावा लागला, सव्वीसावा लागला. बत्तीसाव्याला सोल्डर वघळून शेजारच्या पायाला चिटकला. पर तांब्याच्या तारांच्या वेणीनं टिपून काढला, परत मारला. चाळीसावा लागला. चारीबी तारांवर वार्निशचा थेंब सोडला, हलू नये म्हणून. आठ-नऊच्या दिव्याला वायर जोडली. तीन अन् आठच्या पाट्या अन् दिव्यांच्या वायरा काढून जिथल्या तिथं लावल्या.

नवा प्रोग्राम चढवला. तीन नंबरचा दिवा लागला. वस्तीवरून बायांचा गलका हापिसापस्तोर ऐकू आला. छबुबाई डाव्या हातानं हंडा भरत व्हती म्हणं, कुणाला हात लावू देईना. मंग नऊ नंबर लागला. गायरानातला एक म्हातारा पळत आला, आबासाहेबांना म्हणला, "मालक, लई उपकार." मी म्हणलं, "बाबा, उपकार कुणाचे न्हाईत. पाय आधीपासून व्हते."

बैठक संध्याकाळी भरली. तुह्या सहीचा कागद न्हाई आला. पर कागद तर तू आधीच दिलता. मी पिशवीतून तुहं सोळा मार्चचं पत्र काढलं अन् उभी राहून वाचलं, पहिल्या अक्षरापासून सहीपस्तोर. "मीही हसलो, अक्का" हेबी वाचलं. त्या दिशी मागून जो कुणी बोलला व्हता, त्यानंबी मान खाली घातली असंल, मला कळायला मार्ग न्हाई. तुही चार गावची कामं गेली तर माह्या नावानं बोटं मोड. मी झाकणार न्हाई. बंद वॉल झाकून ठिवला तर तो उघडत न्हाई.

चौदा एप्रिलला वस्तीवर जयंतीचं जेवण हाय. औंदा नुसता भात अन् वरण, पर नळाच्या पाण्यातलं. तूबी ये. तुहं पान मी पहिल्याच पंगतीला मांडायला सांगितलंय, आबासाहेबांच्या अन् बाकी पाव्हण्यांच्या शेजारी. पोटभर जेव, संकोच करू नको.

आमी घरची माणसं मागून बसू.

मनकर्णा